एकाच घरातले साक्षीदार

आमच्या कारखान्यात एक कॉम्प्युटर होता, त्याला आम्ही म्हातारा म्हणायचो. लोखंडी कपाटाएवढा, राखाडी रंगाचा, आणि चालू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा. कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीकडून जुना घेतलेला होता. मी गणितात बी.एस्सी. करून, वर सहा महिन्यांचा प्रोग्रामिंगचा कोर्स करून अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या रसायनांच्या कारखान्यात लागले, तेव्हा चकचकीत मशीनवर बोटं चालवायला मिळतील अशी माझी समजूत होती. मिळाला हा. पहिल्या दिवशी बदलापूरला घरी परतल्यावर आईने विचारलं, ऑफिस कसं आहे? मी म्हटलं, गिरणीत लागलेय, दळण टाकते.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या विभागात माणसं दोनच, सर आणि मी. सर पन्नाशीचे, पांढऱ्या शर्टाचे, कुणाच्याही बोलण्यावर पटकन विश्वास न ठेवणारे. कॅन्टीनवाला चहात साखर टाकली म्हणाला तरी ते चमचा घालून ढवळून बघायचे. मला त्यांचा वैताग यायचा. आता मी तशीच झाले आहे आणि माझा वैताग माझ्या मुलीला येतो.

सरांच्या डोक्यात एक प्रश्न बसला होता. कारखान्यात एक मोठा रिॲक्टर होता, कामगार त्याला भांडं म्हणायचे. त्यात रंगासाठी लागणारं एक रसायन शिजायचं आणि शिजताना स्वतःच तापायचं. भांड्याभोवती गार पाणी खेळवलेलं असायचं, ते उष्णता ओढून न्यायचं. पाण्याचा पंप बंद पडला तर? रसायन तापेल, तापलं की अधिक जोरात शिजेल, म्हणून अजून तापेल, आणि मग ते कुणाच्या हातात राहणार नाही. तोवर माणसाच्या हातात किती मिनिटं असतात, एवढंच सरांना शोधायचं होतं. प्रश्न एका ओळीचा, पण मे महिन्याचं पाणी वेगळं, जानेवारीचं वेगळं, माल कमी-जास्त, पंप पूर्ण बंद की अर्धा बंद, असे हजारो प्रकार मांडायचे होते. म्हाताऱ्याने एकट्याने ते दळण दळलं असतं, तर ते बरोबर की चूक हे ताडून बघायला दुसरं कुणी नसतं.

तेव्हा सरांनी ठरवलं, कारखान्यात जेवढे कॉम्प्युटर आहेत तेवढे सगळे एका वायरीला जोडायचे आणि काम वाटून द्यायचं. आज हे कुणालाही साधं वाटेल. तेव्हा लोक आम्हाला हसले. कारण आमच्याकडे होतं काय, तर एक म्हातारा, ड्रॉइंग विभागातलं एक परदेशी वर्कस्टेशन, जे एसीत राहायचं आणि ज्याच्यावर फुलाफुलांचं कव्हर घालत, आणि एरवी टायपिंगलाही वापरले जाणारे सहा साधे पीसी. तिन्ही जातींची तोंडं तीन दिशांना. एक मशीन आकडा पुढून लिहायचं, दुसरं मागून. एकाचा आकडा दुसऱ्याला तसाच पाठवला तर त्याला भलतंच काहीतरी दिसायचं. सर म्हणाले, उल्हासनगरच्या बाजारात सिंधी, मराठी, मद्रासी सगळे हिंदीत भाव करतात ना, तसं करू. म्हणजे वायरीवरून जाताना प्रत्येक आकडा साध्या अक्षरांत लिहून जाईल, पोस्टकार्डासारखा, आणि ज्याने त्याने घरी नेऊन आपल्या भाषेत वाचावा. हे सगळं लिहायचं काम माझं. चार महिने मी तेच केलं आणि मला त्यातलं काहीही कंटाळवाणं वाटलं नाही, हे खरं सांगते.

शुक्रवारी आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी. प्लांट चालू असायचा, पण ऑफिस रिकामं असायचं, आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे सगळे कॉम्प्युटर आपापला वाटा दळत बसायचे. मी वायरीची टोकं तपासत फिरायचे. एखादं टोक ढिलं झालं की सगळी वायरच मुकी व्हायची.

सरांचा एक नियम होता. प्रत्येक हिशेब तीन मशीनला द्यायचा, तीन वेगळ्या जातींच्या. एकदा म्हाताऱ्याला, एकदा वर्कस्टेशनला, एकदा कुठल्यातरी पीसीला. दोघांचं जुळलं की ते उत्तर धरायचं. मी म्हटलं, सहा पीसी आहेत, त्यांच्यातच तिघांना दिलं तर किती पटकन होईल. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"एकाच घरातले साक्षीदार कोर्टात तरी चालतात का? ते खोटंसुद्धा सारखंच बोलतात."

आणि जे मशीन एकटं पडेल, त्याचं उत्तर फेकून द्यायचं नाही. ते एका वेगळ्या फाइलमध्ये जायचं, सरांनी तिचं नाव 'एकटा' ठेवलं होतं. दर शनिवारी सकाळी ते ती फाइल पहिली वाचायचे. बहुतेक वेळा ती रिकामी असायची.

आता पीसींबद्दल. ते मी आणले होते, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका दुकानदाराकडून. वयस्कर सिंधी गृहस्थ, दुकान म्हणजे खोकी आणि वायरींचा ढीग, पण कामात चोख. आम्हाला प्रत्येक पीसीत गणिताची वेगळी चिप हवी होती. ती तेव्हा निराळी मिळायची आणि यायला तीन महिने लागायचे. मला घाई होती. सरांना मी सांगितलं होतं की पंधरा दिवसांत पीसी उभे करून दाखवते. दुकानदार म्हणाले, चिपच्या जागी एक प्रोग्राम टाकून देतो, तो चिपचं सोंग घेतो, मशीनला फरक कळत नाही. मग मशीन खोक्यात भरता भरता ते थांबले.

"बेटी, चिप नहीं है, ये याद रखना. छोटा-मोटा हिसाब ठीक है. बड़ा काम हो, तो मेरे से पूछ लेना."

त्यांनी तोंडाने सांगितलं, बिलावर लिहूनही दिलं. मी हो म्हटलं, बिल फाइलला लावलं आणि सरांना सांगितलं की पीसी तयार आहेत. खोटं बोलले नाही. फक्त अर्धं बोलले. सरांनी सगळ्या मशीनना साधे हिशेब घालून पाहिले, सगळ्यांची उत्तरं जुळली, आणि माझी मान ताठ झाली.

पुढे सरांचे वडील गावी अंथरुणाला खिळले आणि सर तीन आठवडे रजेवर गेले. त्याच आठवड्यात ड्रॉइंग विभागाने आपलं वर्कस्टेशन परत मागितलं. साक्षीदार उरले दोन जातींचे. मी थांबायला हवं होतं. पण काम निम्म्यावर आलेलं, अर्ध्या बंद पंपाचे सौम्य प्रकार संपून पूर्ण बंद पंपाचे तेवढे उरलेले, सर परत येतील तेव्हा पूर्ण झालेलं दाखवायची हौस, आणि आपण शहाणे आहोत ही खात्री. प्रोग्राममध्ये एक ओळ होती, तिन्ही मशीन वेगळ्या जातीची असतील तरच पुढे जा. ती ओळ मी काढली. एक म्हातारा आणि दोन पीसी, असे तीन साक्षीदार उभे केले.

दोन शुक्रवार गेले आणि 'एकटा' फाइल फुगायला लागली. शेकडो ओळी, आणि प्रत्येक ओळीत एकटा पडलेला तो म्हातारा. भांडं गरम होईपर्यंत तो बाकीच्यांच्या बरोबर असायचा आणि भांडं तापायला लागलं की एकदम वेगळं बोलायचा. पीसी म्हणत वीस मिनिटं, तर हा म्हणे अकरा. मी पहिल्या पानापुढे गेलेच नाही. वय झालंय, बरळतोय, असं स्वतःशी म्हटलं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे तर दोनच मुखं होती, पण मला तेवढी पुरली.

सर परत आले, दाढी वाढलेली, वडिलांचे दिवस करून आलेले. त्यांनी विचारलं, "एकटा पाहिलीस?"

मी म्हटलं, पाहिली, म्हातारा थोडा बरळतोय, पण बहुमत नीट आहे. त्या माणसाने आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच चमचा घालून ढवळून पाहिलं नाही. मान हलवली आणि सही केली.

भांड्याजवळ एक पिवळा बोर्ड लागला. पंप बंद पडल्यास वीस मिनिटं हातात आहेत. पहिली पंधरा मिनिटं पंप सुरू करण्याचा प्रयत्न करावा, न जमल्यास माल खालच्या पाण्याच्या टाकीत सोडावा. माल टाकीत सोडला की तो वायाच जायचा, म्हणून ही पंधरा मिनिटं.

बोर्ड समजावून सांगायला मी स्वतः गेले. त्या भांड्यावर दिवसपाळीला एक मामा असायचे. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. बारवीच्या बाजूच्या डोंगरातल्या पाड्यावरचे, घरची थोडी भातशेती, आणि वीस वर्षं याच भांड्यावर. मोजायची यंत्रं होती, पण मामा अधूनमधून भांड्याच्या पाण्याच्या पाइपावर उघडा तळवा ठेवायचे, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि मग काट्याकडे बघायचे. हात आणि काटा बहुतेक वेळा जुळायचे. माझ्याशी ते फार मायेने बोलत. एवढीशी पोर कॉम्प्युटर चालवते याचं त्यांना अप्रूप होतं. पाड्यावरून करवंदं आणून द्यायचे, पानात बांधून.

बोर्ड त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग पाइपावर हात ठेवून म्हणाले, "बाय, ह्ये भांडं ईस मिनटं नाय थांबायचं."

मला हसू आलं. मी त्यांना समजावलं की हा कुणाचा अंदाज नाही, तीन मशीननी मिळून काढलंय, हजारो हिशेब झालेत. मशीनला हात नसतो, पण चूकही नसते, असंही काहीतरी बोलले. ते वाक्य मला शब्दशः आठवतं आणि आठवलं की अजून कान तापतात. मामा म्हणाले, तू मांडलंयस म्हणजे बरोबर असंल. आणि त्यांनी पाइपावरचा हात काढला.

मे महिन्यात, दुपारी, पंप बंद पडला. मामांनी मनगटावरच्या घड्याळात पाहून रजिस्टरात वेळ लिहिली, दोन वाजून दहा मिनिटं. ते आणि दुसरा कामगार पंपाशी झटत राहिले. दोन एकवीसला भांड्याच्या झाकणाचं सील फुटलं. दुसरा कामगार पंपाकडे वाकलेला होता म्हणून वाचला. मामा तेव्हा पाइपाजवळ उभे होते. त्यांचे दोन्ही डोळे गेले.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात मी तिसऱ्या दिवशी गेले. डोळ्यांवर पट्ट्या, गळ्यापर्यंत चादर. माझा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला. पाचव्या मिनटालाच हात सांगत व्हता, ते म्हणाले, पण म्हटलं बायनं मांडलंय, दम धरू. मग त्यांनी विचारलं.

"ईस मिनटं व्हती ना, बाय?"

मी म्हटलं, "होती, मामा."

तेव्हा मला नक्की माहीत नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण खरं तर कळलं होतं.

कारखान्याची चौकशी समिती बसली. मला पाच मिनिटांसाठी आत बोलावलं आणि हिशेबाबद्दल विचारलं. मी सांगितलं, तीन मशीन, दोघांचं जुळलं तर उत्तर धरतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. निष्कर्ष असा निघाला की हिशेब वीस मिनिटांचा आहे, सील दोन एकवीसला फुटलं हे गेटवरच्या घड्याळाने नक्की आहे, म्हणजे पंप दोनच्या आसपास बंद पडला असणार. मामांनी वेळ चुकीची लिहिली. कॉम्प्युटर चुकत नाही, तर घड्याळ चुकलं. मामांच्या मुलाला त्यांच्या जागी नोकरी मिळाली आणि विषय मिटला.

त्या शुक्रवारी मी एकटी ऑफिसात गेले. सगळे पीसी बंद ठेवले. मामांच्या दिवसाचा एकच प्रकार घेतला, तेवढाच माल, तेवढंच पाणी, मे महिन्याची उष्णता, नेहमीपेक्षा कितीतरी बारीक पायऱ्यांत मांडला, आणि म्हाताऱ्याला दिला. सकाळी नऊला तो घरघरायला लागला. मी समोर खुर्ची टाकून बसले. डबा उघडला नाही. त्याच्यावर एक हिरवा दिवा होता, तो काम करताना लुकलुकायचा, आणि त्या दिवशी मला सारखं वाटत होतं की हा माझ्याकडे बघतोय, न रागावता, नुसता बघतोय. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. दुपारी तीननंतर प्रिंटर खडखडला. कागदावर एक ओळ होती, वेळ अकरा मिनिटं.

मग मी 'एकटा' फाइल उघडली आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. अकरा, दहा, अकरा, बारा, अकरा. किती आठवडे तो तेच सांगत होता. पानं संपत नव्हती. मी एका पीसीचे स्क्रू काढले आणि आत पाहिलं, जे आधीच माहीत होतं तेच पाहायला. गणिताच्या चिपची जागा रिकामी होती, चौकोनी, छोट्या छोट्या भोकांची. तो सोंग घेणारा प्रोग्राम साध्या हिशेबाला चोख होता, पण आकडे भराभर वाढायला लागले की कच खायचा. सगळ्या पीसींत तोच प्रोग्राम, म्हणून सगळे सारखेच चुकायचे. एकाच घरातले साक्षीदार.

शनिवारी मी सरांना सगळं सांगितलं. चिप, बिल, काढलेली ती ओळ, न वाचलेली फाइल. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद घेतला, पुन्हा पुन्हा वाचला, आणि बराच वेळ खिडकीतून प्लांटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सही माझी आहे." थोड्या वेळाने म्हणाले, बोर्ड आजच बदलू. बाकी राहू दे. अहवाल वर गेलाय, मुलाची नोकरी लागलीय, मामांना आता काय फरक पडणार आहे?

मी तेच वाक्य घट्ट धरून ठेवलं, बुडणारा माणूस फांदी धरतो तसं. बोर्डावर पाच मिनिटं आली, का ते कुणी विचारलं नाही. पीसींत खऱ्या चिपा बसल्या. सर त्यानंतर वर्षभरात मुदतीआधीच निवृत्त झाले. दोन वर्षांनी म्हाताराही गेला. उल्हासनगरचा भंगारवाला टेम्पो घेऊन आला, आणि गेटपासवर सही माझी होती. खोलीत फरशीवर त्याच्या चार पायांचे ठसे राहिले. तिथे पुढे नवीन मशीन आली, शांत, जराही आवाज न करणारी. पण शुक्रवारी काम करत बसले की मला ती घरघर ऐकू यायची. मी उठून वायरी तपासायचे, पंखे तपासायचे. एकदा तर शेजारच्या खोलीचं कुलूप उघडून पाहिलं. तिथे रद्दी होती.

मामा मात्र भंगारात गेले नव्हते. ते रविवारी बदलापूरच्या बाजारात भेटायचे. त्यांची सून पाड्यावरची भाजी घेऊन बसायची आणि मामा तिच्या मागे पोत्यावर. मी कितीही हळू बोलले तरी ओळखायचे. आधी माझी, आईवडिलांची चौकशी. मग किती वाजले, असं विचारायचे. मी सांगितलं की सुनेला म्हणायचे, बायनं सांगितलं म्हणजे झालं. आणि मग, दर वेळी, आवाज खाली आणून तोच प्रश्न, ईस मिनटं व्हती ना? दर वेळी मी म्हणायचे, होती. सात वेळा म्हटलंय. माझं लग्न ठरलं तेव्हा ते मला आशीर्वाद देत होते, त्या दिवशीसुद्धा म्हटलंय. पुढे मी बाजाराच्या दुसऱ्या बाजूने जायला लागले. आई म्हणायची, तिकडे भाजी जून असते. मी म्हणायचे, असू दे.

मी नोकरी बदलली. नव्या ऑफिसात काम तेच, फक्त मोठं, शंभर मशीन, चार शहरं. तिथे एखाद्या मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकमत झालं की मी हात वर करायचे. मी विचारायचे, वेगळं कुणाला वाटतंय का? लोक घड्याळाकडे बघायचे. मला खडूस म्हणायचे, आणि ते चुकीचं नव्हतं.

दशक संपत आलं होतं. दिवाळीला माहेरी आले असताना मामांची सून मला स्टेशनजवळ भेटली, एकटीच. मामा कुठे, असं मी विचारलं, विचारायला नको होतं तरी. ती म्हणाली, आता ते घरातनं हलतच नाहीत. आधी नुसत्या हाताने सगळं करायचे. चुलीवरचा भात झाला की नाही हे भांड्याला हात लावून सांगायचे, वासराला ताप आलाय का ते सांगायचे. आता कशालाच हात लावत नाहीत. चहाचा कपही दुसऱ्याने हातात द्यायचा. माझा हात खोटा, माझं घड्याळ खोटं, असं बसून म्हणत राहतात. ती हे तक्रारीने नाही, काळजीने सांगत होती. मी पिशवी हातात धरून तिथे उभी होते, आणि मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की मामांना काय फरक पडणार, याचं उत्तर काय आहे. त्यांचे डोळे अपघाताने गेले होते. हात मी घेतला होता, एकेका रविवारी, थोडा थोडा.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. बारवीच्या रस्त्याने रिक्षा, पुढे अर्धा तास चढण. तो प्रिंटरचा कागद बरोबर घेतला होता, का ते माहीत नाही, त्यांना थोडाच दिसणार होता. मामा ओटीवर बसले होते. शेतात कापणी झालेली, भाताच्या पेंढ्याचा वास होता. चौकशा झाल्या. सुनेने कोरा चहा आणला, एक कप माझ्या हातात दिला, दुसरा त्यांच्या. मी वाट बघत होते की ते विचारतील. त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही.

म्हणून मीच म्हटलं, "मामा, वीस नव्हती. अकरा होती."

मग सगळं सांगितलं. सोप्या शब्दांत, काही न वगळता. दुकानदाराने सांगितलं होतं ते, सरांना मी अर्धंच सांगितलं ते, म्हातारा एकटा खरं बोलत होता आणि मी त्याला बरळतोय म्हटलं ते, आणि बाजारात सात वेळा होती म्हटलं ते. मी रडले, आणि त्याची मला लाज वाटली, कारण रडायची पाळी माझी नव्हती. मामांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. चहा त्यांच्या हातात तसाच निवत राहिला.

मग ते म्हणाले, "म्हंजी माझं घड्याळ बरोबर व्हतं."

"हो."

"आन् हात बी."

"हातही, मामा."

त्यांनी कप खाली ठेवला, चाचपत. मग उजवा हात उलटा करून मांडीवर ठेवला, तळवा वर, आणि डाव्या हाताच्या बोटांनी तो तळवा हळूहळू चोळत राहिले. मला शिव्या द्याव्यात, उठून जायला सांगावं, असं काहीही झालं नाही. मी कागद पिशवीतून काढलाच नाही. समोरच्या डोंगरावरचं ऊन सरकत होतं.

"किती वाजले, बाय?" त्यांनी विचारलं.

मी घड्याळ पाहून सांगितलं, साडेपाच.

मामांनी चेहरा घराच्या दाराकडे वळवला आणि सुनेला हाक मारून विचारलं, किती वाजले बघ गं. आत भांड्यांचा आवाज थांबला. ती पदराला हात पुसत बाहेर आली, भिंतीवरच्या घड्याळाकडे वाकून पाहिलं, आणि म्हणाली, साडेपाच.

तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.